एकोणसाठावा सेकंद

रिचार्जच्या दुकानात बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, लोक आपणहून आणून देतात. शिरोली एमआयडीसीतल्या माझ्या दुकानापुढं एक बाकडं आहे. पहिली पाळी सुटली की फाउंड्रीतली मंडळी त्यावर टेकतात. रिचार्ज महिन्यातून एकदा, गप्पा रोज!

*

त्यातले बाबूअण्णा म्हणजे भट्टीवरचा जुना माणूस. एकदा प्लॅन संपला म्हणून तणतणत आले.

"महिना कुठं झालाय अजून?"

"अण्णा, अठ्ठावीस दिवसांचाच असतोय."

"मग महिना कशाला म्हणतासा? तुमच्यात अमावस्या खाडा करती व्हय?"

*

पूर्वी मिनिटावर एक सेकंद जास्त बोललं की अख्ख्या दुसऱ्या मिनिटाचे पैसे कापले जायचे. तो काळ गेला, पण अण्णांच्या अंगठ्यातून गेला नाही. एकोणसाठाव्या सेकंदाला फोन कट! राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी.

"अण्णा, आता सगळं अनलिमिटेड हाय की!"

"मला म्हाईत हाय रं. अंगठ्याला कोण सांगणार?"

*

अण्णांचा भट्टीवरचा जोडीदार सर्जेराव. तो लांबूनच ओरडायचा, "ए रताळ्या, जेवलास का?" पुण्याहून आलेले नवे सुपरवायझर घाबरले. आमच्याकडं रताळ्या म्हणजे बिनडोक, पण तसं म्हणायचा हक्क जिवलगालाच. परक्याला आम्ही 'पावणं' म्हणतो.

सुपरवायझरनी अण्णांनाच विचारलं, "तुमचं भांडण आहे का?"

"न्हाय साहेब. ज्या दिवशी ह्यो मला बाबूराव म्हणंल, त्या दिवशी समजा भांडान हाय!"

*

आणि तो दिवस आला.

सर्जेराव रिटायर होऊन गावाकडं, नेसरीला गेला. एका दुपारी त्याचा फोन आला. आधी पावसाचं, मग उसाचं, असं करत तो मूळ गोष्टीकडं येत होता. अण्णांच्या अंगठ्यानं सवयीनं फोन कापला. बायकोचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन आहे, भीती वाटतेय, हे सर्जेरावला सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आलाच नाही; अण्णांना ते आठवड्यानं दुसऱ्याकडून कळलं.

वहिनी बऱ्या झाल्या. पण तेव्हापासून सर्जेराव फोनवर म्हणायचा, "नमस्कार बाबूराव. बरे आहात ना?"

*

परवा अण्णा दुकानात आले. "माझा प्लॅन बदल. ह्यात कायतरी कमी येतंय."

"रेंज न्हाय का?"

"रेंज हाय. रताळ्या न्हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"बायको अहो म्हणती, पोरं बाबा म्हणत्यात. मला शिवी घालणारं कुणीच उरलं न्हाय बघ." मला फार वाईट वाटलं.

मीच सर्जेरावला फोन लावून दिला, स्पीकरवर.

"नमस्कार बाबूराव."

"सर्ज्या, त्या दिवशी चुकलं माझं. तुझं सगळं ऐकून घ्यायला पायजे हुतं."

पलीकडं काहीच आवाज नाही. स्क्रीनवर छप्पन्न झाले, सत्तावन्न झाले. अण्णांचा अंगठा लाल बटणाकडं सरकला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

साठ. एकसष्ट. बासष्ट.

"रताळ्या," पलीकडून आवाज आला, "अजून हाईस व्हय?"