मांडीवरचा डबा

आगाशीहून वसईला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त सर माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. मांडीवर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, आणि दोन्ही हात त्याच्यावर. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा म्हणाला, "मास्तर, डबा वर ठेवा की."

"राहू दे," सर म्हणाले.

सरांनी मला शाळेत विज्ञान शिकवलं होतं. आता मी स्वतः आगाशीच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते आणि आम्ही दोघं एकाच शिबिराला निघालो होतो. मे महिना होता. अभ्यासक्रम बदलला होता. विज्ञान फळ्यावर न शिकवता मुलांच्या हातून प्रयोग करवून शिकवायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी आसपासच्या शिक्षकांना वसईच्या एका शाळेत बोलावलं होतं. शिबिर घेणाऱ्या बाई मुंबईच्या कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी आधीच कळवलं होतं, की तुमच्या शाळेच्या कपाटातली, आजवर कधीच न वापरलेली एक वस्तू सोबत आणा. माझ्या पिशवीत एक पितळी तराजू होता. सरांच्या डब्यात काय आहे ते विचारायची माझी छाती झाली नाही. सरांचा दरारा होताच तसा. एकदा मी विज्ञानाच्या कपाटाचं दार नुसतं ओढून बघितलं, तर त्यांनी मला पट्टीने मारलं होतं. एरवी मुलींवर ते कधी हात उचलत नसत.

वाटेत एका खड्ड्यात बस जोरात आदळली. सगळे जागच्या जागी उडाले. सर डब्यावर वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. मला वाटलं, पाठीत उसण भरली.

शाळेच्या हॉलमध्ये बाकं गोल मांडली होती. मी सरांच्या शेजारी बसले, कारण दुसरी जागा नव्हती. बाई आल्या, पदर खोचला आणि कामाला लागल्या. सायकलीच्या तारा, बाटल्यांची बुचं, फुटलेले बल्ब असा पसारा त्यांनी टेबलावर ओतला आणि यातून तराजू करून दाखवा म्हणाल्या. सगळे पुढे सरसावले. सर हलले नाहीत.

"सर, डबा खाली ठेवा ना," बाई म्हणाल्या. "हात मोकळे होतील."

"मी बघतो. तुमचं चालू द्या."

"डब्यात जिवंत मासे आहेत वाटतं," समोरचे एक मास्तर म्हणाले आणि चारजण हसले.

मी तारेला पीळ देत होते. बूच खाली पडलं म्हणून वाकले, तेव्हा सरांच्या बाकाखाली पाणी दिसलं. थेंब थेंब पडत होतं. त्यांची विजार मांडीवर ओली झाली होती.

"सर, डबा गळतोय."

"माहीत आहे." ते समोर बघतच बोलले. "हळू बोल."

"काय आहे त्यात?"

"पिवळा फॉस्फरस."

मी तो कधी पाहिला नव्हता, पण त्याच्याबद्दल वाचलं होतं. उघड्या हवेत तो आपोआप पेट घेतो, म्हणून पाण्यात बुडवून ठेवतात. अंगाला चिकटला तर मांसात जळत जातो. आणि त्या दिवशी उकाडा असा होता, की पंख्याचा वारासुद्धा गरम लागत होता.

"बरणी फुटली?"

"बसमध्ये तडा गेला असावा. भोवती ओलं फडकं गुंडाळलंय. तांब्यात प्यायचं पाणी होतं, तेही ओतलं मघाशी."

"बाईंना सांगू या."

"नको. सगळे एकदम उठतील, ढकलाढकली होईल. माझ्या मांडीवरून हा खाली पडला तर काय होईल, कळतंय ना तुला? जेवायला सगळे बाहेर गेले की बघू."

जेवणाला अजून अवकाश होता. मी उठले आणि कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून आणला. सरांनी झाकण बोटभर उचललं. आतून लसणासारखा वास आला. मी फटीतून पाणी ओतलं, त्यांनी झाकण दाबलं. डब्याच्या सांध्यातून पाणी पुन्हा ठिबकायला लागलं. मी परत गेले, परत आणलं. येता-जाता बाकांमधून अंग चोरून जावं लागत होतं. कुणी तरी म्हणालं, "आगाशीच्या बाईंना तहान फार." मी हसल्यासारखं केलं. बाई टेबलापाशी मेणबत्ती पेटवून पुढचा प्रयोग मांडत होत्या.

मग एकदा मी माठ कलता केला आणि तांब्याच्या तळाशी जेमतेम घोटभर पाणी आलं.

मागे वळून बघितलं तर झाकणाखालून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ निघत होती. सरांनी फटीवर तळहात दाबून धरला होता. कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

मी त्यांचं ऐकलं नाही. सरळ टेबलापाशी गेले आणि बाईंच्या कानाशी सांगितलं. बाईंनी एक नजर सरांकडे टाकली आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

"सगळ्यांनी मैदानात चला," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "सामान इथेच राहू दे. पुढचा प्रयोग बाहेर करायचाय. सावकाश."

दोन दारांपैकी मागच्याला कुलूप होतं. पुढच्या दाराकडे जायची वाट सरांच्या बाकाला घासून जात होती. एकेक जण त्यांच्या गुडघ्याजवळून गेला. मासे म्हणणारे मास्तर थबकले, वास घेतला, धूर बघितला आणि बाहेर पडले. शेवटच्या माणसाचा पाय दाराबाहेर पडला.

"सर, उठू नका," बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "बादली. भरून."

विहीर आवारात होती. आमच्या वटारच्या वाडीत मी लहानपणापासून रहाटाने पाणी ओढत आले होते, पण त्या दिवशी दोर हातातून सुटत होता. तेवढ्यात चर्चची दुपारची घंटा वाजायला लागली. एरवी घंटा झाली की मी जागेवर थांबून प्रार्थना म्हणत असे. त्या दिवशी दोर ओढता ओढताच म्हटली, आणि अर्ध्यावर शब्द विसरले.

मी आत आले तेव्हा सरांचा डावा हात धुरात दिसत नव्हता. आत काही तरी पेटलं होतं आणि फटीतून त्यांच्या तळहाताच्या कडेला चिकटलं होतं. ते ओरडले नाहीत. दात आवळून काही तरी पुटपुटत होते, त्यांच्या घरच्या बोलीत. शाळेत ती बोली त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

"डबा सोडू नका," बाई म्हणाल्या. "हातासकट खाली घ्या. सावकाश. आता."

मी बादली त्यांच्या गुडघ्यांमध्ये धरली. बाईंनी त्यांची मनगटं धरली. डबा, फडकं, बरणी आणि सरांचे हात, सगळं एकदम पाण्यात गेलं. चर्र आवाज झाला आणि धूर थांबला. बादली काठोकाठ भरून वाहिली. तिघांचेही कपडे भिजले.

"आता हात पाण्याबाहेर काढायचा नाही," बाईंनी बजावलं. स्फटिक करून दाखवायला त्यांनी मोरचूद आणलं होतं, आमच्या पानवेलींवर फवारायला असतं तेच. त्याचं फिकट निळं पाणी करून त्यांनी सरांच्या तळहातावर सोडलं. चिकटलेले कण काळे पडले. मग चिमट्याने त्या एकेक कण पाण्याखालीच काढत गेल्या. सर वरच्या कौलांकडे बघत होते.

चर्चजवळ सिस्टरांचा दवाखाना होता. टांगा करून मी त्यांना तिकडे नेलं. सिस्टरांनी मलमपट्टी केली, घरी जाऊन पडा म्हणाल्या. सर म्हणाले, "मला शाळेत परत जायचंय."

परतलो तेव्हा मैदानाच्या टोकाला बाईंनी वाळूचा ढीग करून ठेवला होता. सगळे शिक्षक वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे होते. बाईंनी बादलीतून चिमट्याने एक पिवळी कांडी काढली आणि वाळूवर ठेवली. आधी नुसता धूर आला, मग तिने असा झगझगीत पेट घेतला, की आम्ही डोळ्यांवर हात धरले. ती जळून संपल्यावर दुसरी, मग तिसरी. फुटकी बरणी आणि डबा शेवटी वाळूतच पुरले.

"सर, ही बरणी तुमच्याकडे कधीपासून होती?" बाईंनी विचारलं.

"नोकरीला लागलो तेव्हापासून," सर म्हणाले. "आधीच्या मास्तरांनी किल्ली देताना सांगितलं, पाणी कमी होऊ देऊ नको. दर सोमवारी बघत आलो. मेच्या सुट्टीतही जायचो. मुलांना कपाटाच्या आसपास फिरकू दिलं नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. वाटलं, इथे कुणी जाणतं असेल, त्यांच्या हवाली करावं."

"कधी प्रयोग करून दाखवला?"

"नाही. मला भीती वाटायची."

सगळ्यांसमोर ते हे बोलले. मासे म्हणणारे मास्तर पुढे आले आणि त्यांनी सरांसाठी खुर्ची आणून ठेवली.

संध्याकाळच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. नाळा गाव मागे पडल्यावर मी धीर करून विचारलं, "सर, इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगणार? ज्याला सांगितलं असतं, त्यालाही झोप लागली नसती." मग ते म्हणाले, "तुला एकदा पट्टी मारली होती. त्या दिवशी तुझा हात दाराला लागलेला बघून घाबरलो, म्हणून."

मी त्यांचं तिकीट त्यांच्या खिशात नीट सरकवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. ते आले. गळ्यात हात अडकवलेला, तरी वेळेच्या आधी. बाईंनी सायकलीच्या तारा पुन्हा बाहेर काढल्या होत्या. सर टेबलाशी गेले, एक तार उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"हे टोक पकड," ते म्हणाले. "वाकवायला मला दुसरा हात नाही."