प्रेरणाच्या पुस्तकातलं सतरावं पान

"तुमी बघितलंय का?"

हे प्रेरणाचं कायमचं वाक्य. कुणी म्हणावं, अमक्या कड्यावर वाघ येतो. कुणी म्हणावं, तमक्याच्या पणज्याने एका हाताने बैल अडवला. ही पोर मान तिरकी करून तेवढंच विचारणार. बघितलं असेल तर वही गुडघ्यावर घेऊन लिहून काढायची. नुसतं ऐकलेलं असेल तर पेन्सिल कानामागे ठेवायची. पोरीच्या जातीला एवढी चौकशी बरी नव्हे, असं म्हणणारे आमच्याकडे कमी नाहीत.

हिर्डोशीच्या पुढे डोंगराच्या अंगाला सात घरांचा धनगरवाडा आहे. तिथून ती रोज तासभर उतरून खालच्या गावच्या शाळेत यायची. नववीत मोहिनी मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने हाताने एक पुस्तक तयार करायचं. प्रेरणाच्या वाट्याला नाटकाचा इतिहास आला. सगळ्यात चांगलं पुस्तक भोरच्या प्रदर्शनात जाणार होतं, आणि तिथे पहिलं आलं तर ते करणाऱ्याला पुण्याच्या नाट्यगृहात नाटक दाखवणार होते. प्रेरणाने नाट्यगृह कधी पाहिलं नव्हतं. आत दिवे कसे मालवतात, पडदा कोण ओढतं, हे तिने मॅडमना इतक्यांदा विचारलं की मॅडमच नाट्यगृहाची स्वप्नं बघायला लागल्या.

पाठकोऱ्या कागदांचं पुस्तक केलं तिने. पेंडीच्या पोत्याचा पुठ्ठा, दाभणाने घातलेली काळ्या लोकरीची शिवण. पहिल्या सोळा पानांत कीर्तन, सोंगं, तमाशा, संगीत नाटकं, सगळं रीतीप्रमाणे. सतराव्या पानावर मात्र ती आमच्या गावात उतरली.

चाळीस वर्षांमागे गावच्या जत्रेत पोरांनी नाटक बसवलं होतं. पडद्याची दोरी माझ्या हातात होती, म्हणून खात्रीने सांगतो; प्रेरणालाही मीच सांगितलं. पावसाळ्यात गावातलं देऊळही गळायचं, म्हणून तालमीला तासभर चढून जायचो, धनगरवाड्यातल्या साळूबाईच्या शेरडांच्या गोठ्यात. साळूबाई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. शेरडांना पाला टाकता टाकता तिने सगळं नाटक ऐकलं. अक्षराची ओळख नाही, पण सहाही पात्रांची भाषणं तोंडपाठ. जत्रेच्या दिवशी आतून वाक्यं सांगणारे मास्तर पुस्तकासकट भोरच्या वाटेवर अडकले. एसटी बंद पडलेली. आमचा राजपुत्र, म्हणजे कुंडलिक, पहिल्याच प्रवेशाला खांबासारखा उभा. तेव्हा साळूबाई डोक्यावरून घोंगडी घेऊन मागच्या पडद्याआड बसली आणि तीन तास एकेक वाक्य पुरवत राहिली. मध्येच एक शेरडू पडदा खायला आलं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "हाड! व्हय बाजूला!" आणि राजपुत्राने महाराजांकडे बोट करून तेच ठणकावलं. गाव हसून लोळलं.

शेवटी नावं पुकारली. आतून सांगणारे म्हणून मास्तरांचं नाव घेतलं. मास्तर तेव्हा एसटीतच बसलेले. साळूबाईचं नाव कुणी काढलं नाही. मी दोरी गुंडाळत होतो. मीही नाही.

प्रेरणाने लिहिलं, "आतून सांगणारी : साळूबाई. शाळा : नाही. नाटक : पूर्ण पाठ." खाली शेरडाचाही प्रसंग, राजपुत्राच्या नावानिशी.

शाळेने तिचंच पुस्तक निवडलं. प्रदर्शनाच्या सकाळी जीप दारात उभी, आणि शाळा समितीचे अध्यक्ष हनुमंतराव पानं चाळता चाळता सतराव्याला थबकले. कुंडलिकआबांचेच ते चिरंजीव.

"हे पान काढ."

"का वं?"

"माझ्या बापाचं हसं भोरात मांडतीस व्हय? नाटकाचा इतिहास म्हंजे मोठ्या लोकांचा. त्यात शेरडं कुठनं आली?"

"गोठा शेरडांचाच हुता, अध्यक्ष."

पोरं फिसकन हसली. मॅडम मध्ये पडल्या. "प्रेरणा, वरून कागद चिकटवू या. कुणाला कळणार नाही."

"लोक नखानं उचकटून बघत्याल, मॅडम."

"मग नावं तरी गाळ," हनुमंतराव म्हणाले. "'एक बाई', 'एक गडी', असं लिही."

"मग त्याला इतिहास कशाला म्हणायचं? कोडं म्हणा."

कुंडलिकआबा शाळेसमोरच्या देवळाच्या कट्ट्यावर माझ्या शेजारी बसले होते. तिथूनच ओरडले, "आरं हन्म्या, खरं हाय ते! ती बोलली नसती तर म्या आजून तितंच उभा असतो."

"आबा, तुमी गप ऱ्हावा. तुमाला काय, लोक मला हसत्याल."

म्हातारपणी मुलाच्या घरात राहणाऱ्याचा आवाज किती लांब जातो, ते मला ठाऊक आहे.

हनुमंतरावांनी घड्याळ पाहिलं. "पान काढ, न्हाईतर पुस्तक जाणार न्हाई. पुण्याचं नाटक बघायचंय ना?"

प्रेरणाला ते नाटक किती बघायचं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने पुस्तक हातात घेतलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. वाटलं, आता दोरा उसवते. तिने पुस्तक मिटलं.

"बघायचं हाय. पर साळूआजीला पडद्यामागं ठिवून न्हाई."

"फुकटचा माज," हनुमंतराव म्हणाले.

"फुकटचा न्हाई. दोन म्हैने बसून लिवलंय."

ती वळली. शाळेच्या फाटकातून निघून धनगरवाड्याच्या चढणीला लागली. पुस्तक छातीशी धरलं नव्हतं, लपवलं नव्हतं. काखेत काठी धरावी तसं धरलं होतं. मॅडम जीपच्या उघड्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या. हनुमंतराव मोबाईलमध्ये बघत असल्यासारखं करून बघत होते. कुंडलिकआबा कट्ट्यावरून उठून, डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होते. जीपवाला हॉर्न वाजवत राहिला. करवंदीच्या जाळ्यांपलीकडे तिची निळी ओढणी दिसेनाशी होईपर्यंत मीही बघत होतो.