जॅकची पूजा

आमच्या घरात तपासणी हा शब्द फार पवित्र होता. नवरा एका स्टेडियमच्या बांधकामावर क्वालिटी इन्स्पेक्टर होता. फुटबॉलचा वर्ल्ड कप यायला अजून काही वर्षं होती आणि अख्खा कतार खणून ठेवला होता. छपराचा एकेक बोल्ट घट्ट आहे की नाही ते बघून त्यावर खूण करायची, हे ह्यांचं काम. साइटवर ह्यांच्या सहीशिवाय जागचं हलायची कुठल्या बोल्टची टाप नव्हती. घरी मात्र स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार एकाच बिजागरीवर लोंबत होतं, आणि त्याबद्दल विचारलं की "इन्शाल्ला, शुक्रवारी" असं उत्तर मिळायचं. कुठल्या शुक्रवारी, हे विचारायची पद्धत नव्हती.

अशा माणसानं जुनी कॅरॅव्हॅन विकत घेतली. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची, चाकांवरची खोली. दुखानच्या टाउनशिपमधला एक ब्रिटिश साहेब रिटायर होऊन मायदेशी चालला होता, त्याची ती. त्यानं कुणा अमेरिकनाकडून घेतलेली. वयानं माझ्यापेक्षा मोठी, पत्र्याला जागोजागी पोचे, रंग कधीकाळी पिस्त्याचा असावा. नवरा तिला कौतुकानं व्हिंटेज म्हणायचा. नाशिकला सासूबाईंनी फोनवर फोटो बघितला आणि म्हणाल्या, "हे भंगार कशाला आणलंस रे?" लग्न झाल्यापासून त्यांचं आणि माझं एकमत झालं ते त्या दिवशी.

जाण्यापूर्वी साहेबानं कॅरॅव्हॅनच्या जोडाबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं. गाडीच्या मागे मोसंब्याएवढा पोलादी गोळा असतो. कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांड्याला उपड्या वाटीसारखा लोखंडी कप असतो, त्याला कपलर म्हणतात. कप गोळ्यावर बसवायचा आणि वरचा लिव्हर दाबायचा, की आतली लोखंडी जीभ गोळ्याच्या खाली सरकून त्याला धरून ठेवते. मग लिव्हरमध्ये पिन घालायची आणि खालून दोन साखळ्या अडकवायच्या. साहेब हे सगळं ह्यांना सांगत होता, कारण पुरुषानं पुरुषाला सांगण्याची गोष्ट ती. हे फोनवर साइटवरच्या कुणाला तरी झापत होते आणि मधूनमधून साहेबाकडे बघून मान हलवत होते. मी बिस्किटांची बशी धरून उभी होते, म्हणजे साहेबाच्या लेखी फर्निचरमध्ये जमा. सगळं ऐकलं ते फर्निचरनं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात कॅम्पिंगचा मोसम आला की कपलर माझ्याकडे आणि त्याचं सुपरव्हिजन ह्यांच्याकडे. जुनं काळं ग्रीस चिंधीनं पुसून काढायचं. उन्हाळाभर त्यात अडकलेली वाळू काढायची. कपाला कुठे चीर गेली आहे का, जीभ झिजली आहे का, ते टॉर्च मारून बघायचं, स्प्रिंग दाबून बघायची, मग नवं ग्रीस लावायचं. आणि गाडीला जोडून झालं की शेवटी, साहेबानं पुन्हा पुन्हा बजावलेली गोष्ट: जॅकनं कॅरॅव्हॅनचं नाक वर उचलायचं. गाडीचा मागचा भागही सोबत वर आला तर जोड पक्का. कप एकटाच वर आला तर जोड नुसता दिसायला. ह्यांच्या मते हा सगळा माझा संशयी स्वभाव होता. स्टेडियम तपासणाऱ्या माणसाला एवढासा कपलर नुसत्या नजरेनं कळतो म्हणे. मी शाळेत केमिस्ट्री शिकवते. मला नजरेनं काही कळत नाही, करून बघावं लागतं.

त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या. विमानात बसून त्यांची कंबर धरली होती, आणि त्या विमानाचं तिकीट मी काढलं होतं, म्हणजे कंबर कुणी धरली हे उघडच होतं. माझी भाजी त्यांना "वेगळी" लागायची आणि पोळी "चालेल" अशी असायची. मीही काही कमी नव्हते. त्यांच्या थंडीच्या भीतीवर आणि चपलांमध्ये घातलेल्या लोकरी मोज्यांवर मी मैत्रिणींना भरपूर हसवलं होतं.

एका सुट्टीत दुखानच्या किनाऱ्यावर मुक्कामाला जायचं ठरलं. आम्ही राहायचो उम्म सलाल मोहम्मदला, कॅरॅव्हॅन अंगणातच उभी असायची. सकाळी निघताना सासूबाईंनी जाहीर केलं की त्या गाडीत बसणार नाहीत, कॅरॅव्हॅनमध्ये झोपून येणार. आत एवढा लांबलचक दिवाण रिकामा जातोय, आणि कंबरेला तेवढाच आराम.

"आई, चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणाला बसू देत नाहीत," मी म्हटलं. "पोलीस पकडतील. आणि धोक्याचंही आहे."

"माझी अडचण होतेय असं सरळ सांग ना," त्या म्हणाल्या. "पिशव्या ठेवायच्या असतील तुला तिथे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे बघितलं. "झोप गं आई तू. रस्ता मस्त आहे," म्हणाले. रस्ता मस्तच होता. वर्ल्ड कपच्या कृपेनं दर आठवड्याला नवा असायचा. काल होता तो चौक आज नसायचा, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी रातोरात डायव्हर्जन येऊन त्यावर स्पीड ब्रेकर उगवलेला असायचा. मागून खडीचे ट्रक. मी तणतणत डबे भरायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा पूजा उरकली होती. पूजेशिवाय वाहन बाहेर काढायचं नाही, हे सासूबाईंचं तत्त्व. कॅरॅव्हॅनच्या कपाळाला हळदकुंकू, खिडकीला झेंडूची माळ, चाकाजवळ फोडलेला नारळ. ह्यांनी तेवढ्यात गाडी मागे घेऊन कॅरॅव्हॅन जोडूनही टाकली होती. सासूबाई उशी घेऊन आत आडव्या झाल्या होत्या आणि दार लागलं होतं.

"लिव्हर जरा जाम होता," हे हात झटकत म्हणाले. "हातोडीनं हाणला, बसला. यल्ला, निघू या."

आदल्या दिवशी तो लिव्हर मी एका बोटानं बसवला होता. मी जॅक काढला.

"अगं बसलंय म्हणतो ना! मी स्वतः बसवलंय."

"म्हणूनच," मी म्हटलं.

हे घड्याळ बघत उभे राहिले. मी हँडल फिरवायला लागले. कॅरॅव्हॅनचं नाक हळूहळू वर यायला लागलं. गाडी जागची हलली नाही. डोक्यावरची टोपी काढावी तसा कप गोळ्यावरून अलगद सुटला आणि एकटाच वर आला.

आतून सासूबाईंचा समाधानी आवाज आला, "निघालो का गं? बरं वाटतंय, छान हलतंय."

स्पीड ब्रेकर गल्लीच्या तोंडाशीच होता. तिथे कप गोळ्यावरून उडाला असता. साखळ्यांनी कॅरॅव्हॅन पळू दिली नसती, पण तिचं नाक रस्त्यावर आपटलं असतं, ती आडवी झाली असती, आणि मागून ट्रक. आत दिवाणावर मोजे घातलेली, कंबर दुखणारी एक बाई झोपलेली. क्वालिटी इन्स्पेक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. टोमणा मारायला इतकी चांगली वेळ पुन्हा आली नसती, पण मला तो सुचला नाही.

मी खाली वाकून कपात मोबाइलचा टॉर्च मारला. अगदी वर, मी प्रेमानं लावलेल्या ग्रीसमध्ये, खोबऱ्याचा एक चेचलेला तुकडा चिकटला होता. त्याला कुंकू लागलं होतं, साखरेचे दाणेही होते. सासूबाईंनी कॅरॅव्हॅनचं तोंड शोधून काढून तिला नैवेद्य भरवला होता. त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना. समोरच्या बाजूला तोंडासारखं दिसणारं तेवढंच होतं, आत जीभही होती. त्या तुकड्यामुळे गोळा पुरता आत गेलाच नव्हता, आणि जीभ त्याच्या खाली न जाता नुसती बाजूला दाबून बसली होती.

मी बोटानं तुकडा उकरून मुठीत घेतला, तोवर सासूबाई दार उघडून उभ्या होत्या. "काय गं झालं?"

लग्न झाल्यापासून इतका भक्कम पुरावा माझ्या हाती आला नव्हता. अक्षरशः हातीच होता. पोळी "चालेल" म्हणणाऱ्या प्रत्येक सकाळचा हिशेब एका वाक्यात चुकता झाला असता, आणि तोही लेकासमोर. मी वर बघितलं. त्यांनी एका हातानं दाराची चौकट धरली होती, दुसरा कंबरेवर होता, केस उशीनं विस्कटले होते. पायात तेच मोजे.

"वाळू अडकली होती," मी म्हटलं. "आई, तुम्ही पुढे बसा. गाडीत."

त्यांनी बोलायला तोंड उघडलं. मग उघड्या कपाकडे बघितलं, माझ्या मुठीकडे बघितलं, आणि उशी काखेत मारून मुकाट्यानं पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी कप पुसला, ग्रीस लावलं. ह्या खेपेला लिव्हर एका बोटानं बसला. जॅकचं हँडल ह्यांनीच हातात घेतलं, कुणी न सांगता. गाडीचं बूड वर आलं.

संध्याकाळी दुखानच्या किनाऱ्यावर मी हात चोळत बसले होते, ग्रीस निघता निघत नव्हतं. हे लांब विस्तव पेटवायच्या खटपटीत होते. सासूबाई वाटीत तेल आणि बेसन घेऊन आल्या, समोर खुर्ची ओढून बसल्या आणि माझे हात मांडीवर घेऊन चोळायला लागल्या. माझ्या नखात अजून लाल होतं.

"इथल्या वाळूला कुंकू लागलेलं असतं वाटतं," त्या म्हणाल्या.

मी बोटं मिटून घ्यायला गेले, त्यांनी ती सोडली नाहीत.

"मी आत झोपले होते गं." त्यांचे हात थांबले.

"हो. मी फार घाबरले होते, आई."

"मी तर आत्ता घाबरतेय." थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा चोळायला घेतलं. "भज्यांचं बेसन संपलं सगळं तुझ्या हातांवर," असंही म्हणाल्या. मला जरा हायसं वाटलं.

परतीच्या दिवशी ह्यांनी कॅरॅव्हॅन जोडली आणि सवयीनं "यल्ला" म्हणाले. सासूबाई हातात पूजेचं ताट घेऊन गाडीजवळ उभ्या होत्या. "तिनं उचलून बघितलं का?" त्यांनी विचारलं. मी उचललं, गाडी वर आली. मग त्यांनी जॅक माझ्या हातून घेतला, तो वाळूवर ठेवून त्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. कॅरॅव्हॅनच्या तोंडाकडे त्या फिरकल्याही नाहीत. साखर-खोबरं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

"माझ्यादेखत खा," म्हणाल्या.

मी खाल्लं. तोंडात काही उरलं नाही याची खात्री होईपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या, आणि मगच जाऊन पुढच्या सीटवर बसल्या.