आबांनी आ केला

तोंड पाहून माणूस ओळखणारे पुष्कळ असतील. तोंडाच्या आत पाहून ओळखणारे अख्ख्या कोल्हापुरात एकटे माझे सासरे. आबांनी जन्मभर म्हशींचा व्यापार केला. दात बघून जनावराचं वय सांगायची सवय इतकी भिनली की माणसंही त्यातून सुटेनात. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पगार, शिक्षण राहिलं बाजूला. "पावणं, जरा हसा की," म्हणाले आणि वाकून माझ्या दाढा न्याहाळल्या. जयसिंगपूरच्या एका लग्नात तर आहेर हातात ठेवता ठेवता नवरदेवाला म्हणाले, "खालची दाढ किडलीया. हळद उतरली की काढून टाका."

स्वतःचं तोंड मात्र कुलूपबंद. डाव्या गालात सदा तंबाखू. एका रविवारी मिसळ खाताना त्यांनी आपला कट गुपचूप माझ्या ताटलीत ओतला. आबांना तिखट झोंबतंय म्हटल्यावर माझी बायको चमकली. घरी येताच मोबाईलची बॅटरी लावून उभी राहिली.

"आबा, आ करा."

"दुखत न्हाय, खुपत न्हाय, बघतीस काय?"

"आ करा म्हणते न्हवं!"

गालाच्या आत पांढरा चट्टा होता. पुसून जाईना.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चट्टा पांढरा असो, लाल असो, गाठ असो की जखम, दोन आठवड्यांत गेली नाही की दाखवायचं. दुखायची वाट बघू नका, आजोबा. सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही." त्यांनी चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत आबांनी एकाचाही दात पाहिला नाही. कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकला असता. चट्टा काढला, तंबाखू बंद झाली, अधूनमधून दाखवायला यायचं ठरलं. निघताना आबा बाईंना म्हणालेच, "तुमचा पुढचा दात वाईच वाकडा हाय."

परत येताना त्यांनी रंकाळ्यावर गाडी थांबवायला लावली. कठड्यावर बसले. मग म्हणाले, "तुमची सासू असती तर तिला कवाच कळलं असतं. मी घास कुठल्या बाजूनं चावतोय, तिचं ध्यान असायचं. ती गेल्यापासनं एकटाच जेवतोय. कोण बघतंय?"

तेव्हापासून मागच्या गल्लीतून आबा रोज आमच्याकडे जेवायला येतात. बायको समोर बसते आणि त्यांच्या घासावरची नजर काढत नाही. आबांना ते कळतं. ते मुद्दाम सावकाश चावतात.