शेकलेले हात

गावाची सुईण मावशी आधी शेगडीवर हात शेकायची, मगच अडलेल्या बाईच्या पोटाला लावायची. "भिऊ नगं, मी हाय न्हवं," हे तिचं ठरलेलं वाक्य. तुम्ही तिला पाहिलं असतं तर ही कसली सुईण, असंच म्हणाला असता. अंग सुतळीसारखं, तोंड मात्र तोफखाना. पाटलालाही ती भर चावडीत "बाळा, तुजी नाळ म्याच कापली" म्हणून गप्प करायची.

माझ्या वहिनीला नुकतेच दिवस गेले होते. एके सकाळी ती कुशीला हात लावून जात्यापाशीच कोसळली. चेहरा पांढराफटक. मावशी धावत आली. आईने तेलाची वाटी पुढे केली, "बेंबी सरकली आसंल, चोळ." आमच्याकडे पोट दुखलं की चोळणं हाच पहिला इलाज.

मावशीने शेकलेले हात पोटापर्यंत नेले आणि मागे घेतले. "चोळायचं न्हाई. गाडी जुंपा. मोमिनाबादच्या दवाखान्यात न्या."

"तितं पोट फाडत्यात! आजवर समद्यांचं चोळलंस, आताच कावून न्हाई म्हनती?" आई चिडली.

"माज्या लेकीला आसंच झालतं. बेंबी सरकली म्हून म्या चोळलं. माज्या हाताखालीच गेली ती."

गावात आम्ही सगळे तिची लेक तापाने गेली असंच समजत होतो. त्याच हातांनी ती पुढे आमच्या बाया सोडवत राहिली होती.

दादाने गाडी जुंपली, आईही बसली. वाटभर वहिनीचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाले, "गर्भ नळीत रुजला, नळी फुटली. पोट उघडून ती काढावी लागेल. नुसतं थांबलो तर बाई जाईल. मूल कशानेच वाचणार नाही."

दादा आईकडे बघायला लागला.

"माज्याकडं बघ, पोरा," मावशी म्हणाली. "हो म्हन."

तो हो म्हणाला. वहिनी वाचली.

उरलेल्या एका नळीवर पुढे तिला मुलगी झाली, पण त्याआधीच्या उन्हाळ्यात मावशी गेली होती. पाचवीला सुईणीच्या मानाचं लुगडं आईने तिच्या बंद दाराशी नेऊन ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावत परतली.

घरात पोर रडायला लागली. वहिनीने शेगडीवर हात शेकले, तिच्या पोटावर ठेवले.

"भिऊ नगं," ती म्हणाली. पुढचं तिला बोलवेना.