सईचं कोरडं रडणं

"रडताना हिच्या डोळ्यांत पाणी येतं का?" नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि मी चमकलेच. पाच वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, पण हे विचारणारा माणूस आज भेटला होता. "कधीच नाही," मी म्हणाले. मग जनुकाची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं: ट्रिपल-ए सिंड्रोम.

माझी लेक सई जन्मली तेव्हापासून कोरडीच रडायची. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा हक्क, या आमच्या रिवाजानं मी पुसदहून पांढरकवड्याला तिच्या घरी सून म्हणून आले. आत्या म्हणायची, "नाटकं करते पोट्टी. डोयात टिपूस नाही, अन् भोकांड पाहा!" गावातले डॉक्टर म्हणाले, वाढेल तसं पाणी येईल. पाणी आलं नाही. पुढे घास गिळताना अडायला लागला, खाल्लेलं उलटून पडायला लागलं. हिरड्या, बोटांची पेरं काळी पडली. तर आत्या म्हणे, उन्हात हुंदडते!

एकदा ऐन फवारणीच्या दिवसांत तिला ताप आला, उलट्या झाल्या आणि ती बेशुद्ध पडली. आमच्या घरामागेच कपाशी. यवतमाळच्या एका दवाखान्यात नेलं, तर वॉर्ड फवारणीची विषबाधा झालेल्यांनी भरलेला. सईलाही त्याच रांगेत टाकलं आणि विषावरचं इंजेक्शन सुरू केलं. बाजूच्या माणसांच्या डोळ्यांतून, तोंडातून पाणी वाहत होतं. माझ्या पोरीचे डोळे कोरडे ठक्क. मी ओरडून सांगितलं, "हिले विष नाही लागलं जी! हिच्या डोयात पानीच येत नाही!" डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर थांबा." पुष्कळ वेळानं कोणीतरी रक्तातली साखर पाहिली. ती पार तळाला गेली होती. ग्लुकोज चढवल्यावर पोरीनं डोळे उघडले. त्या 'बाहेर थांबा'चा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

तिथून आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. पेशीच्या मध्ये केंद्रक असतं. केंद्रकाच्या भिंतीत बारीक दारं असतात, आणि पेशीला लागणारा माल त्यांतून आत-बाहेर होतो. त्या दाराच्या चौकटीत 'अलादिन' नावाचं एक प्रथिन असतं. ते बनवणारं जनुकच सईमध्ये बिघडलेलं आहे. म्हणून अश्रू नाहीत. म्हणून अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट उघडत नाही. त्याला अ‍ॅकालेशिया म्हणतात. आणि म्हणूनच मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल, म्हणजे आजारपणात शरीराला सावरणारं संप्रेरक, बनवत नाहीत. त्यामुळेच हिरड्या काळ्या पडल्या, साखर तळाला गेली. "कॉर्टिसोल नसलं की साध्या तापातही मूल जाऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. त्याच्या जागी हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्या आता जन्मभर, तापात जास्त. डोळे ओले राहावेत म्हणून औषधाचे थेंब. अन्ननलिका फुग्यानं रुंद करून झाली.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले का? जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि वडील, दोघांकडूनही यावी लागते."

घरी आले तर आत्या दारातच. आजार आई-बापाकडून येतो एवढं ऐकलं आणि म्हणाली, "मी म्हनत नव्हती? तुह्या माह्येरचाच दोष हाय!"

"आत्या," मी म्हणाले, "माह्यं माह्येर कोनतं वं? ज्या घरात तू जन्मली तेच ना? तुह्याकडून तुह्या पोराले आलं, माह्या बापाकडून मले. आता सांग, कोनाले बोलतं?"

आत्या तिथंच उंबऱ्यावर बसली.

माझ्यासारख्या आयांना एवढंच सांगते: बाळ कोरडं रडत असेल तर डॉक्टरांना सांगा. ऐकलं नाही तर पुन्हा सांगा, बाहेर काढलं तरी दारातून सांगा. नागपूरच्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी फक्त विचारलं, आणि माझी पोरगी वाचली.

त्या दिवशी उंबऱ्यावर बसलेली आत्या पदर तोंडाला लावून रडली. सई तिच्याजवळ गेली, गालावरून ओघळणाऱ्या पाण्याला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "आजी, तुह्या डोयात कोनं औषध टाकलं वं?"