मोहाच्या खोडाचा घाणा

माझ्या मोठ्या भावाचं बोरगाव मेघेला लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की त्याचं भाषण सुरू होतं. कारखान्यात बिया रसायनात भिजवून तेल ओढतात, मग ते धुतात, तापवतात, घाण पाणी नाल्यात सोडतात. आमच्याकडे मात्र सगळं निसर्गाचं! कारखान्यांबद्दल तो फारसं खोटं बोलत नाही, म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नाकाने कांदे सोलणाऱ्या या माणसाने घाणा कशाचा केला, ते कुणी विचारत नाही.

हिंगणीजवळ आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड होतं. त्याच्या बियांना आम्ही टोरी म्हणतो. आई त्या वेचायची, फोडायची, गर वाळवून कुटायची, वाफवायची आणि दोन फळ्यांमध्ये दाबून तेल काढायची. वरच्या फळीवर बसायचं काम आम्हा भावंडांचं. थंडीत ते तेल तुपासारखं थिजायचं. वास उग्र, शाळेत मला त्याची लाज वाटायची. पण आईची भाजी त्याच तेलात आणि तिच्या गुडघ्यांनाही तेच. लग्नानंतर मी पिशवीतलं रिफाइंड आणायला लागले, हेही कबूल करते.

आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे वर्ध्याला राहिली, तेवढ्यात भावाने मोह तोडला. घाण्याला लागतं तसं जाड, टणक खोड दुसरीकडे मिळत नव्हतं म्हणे. आई घरी परतली आणि नीट दिसणाऱ्या डोळ्यांनी तिने उरलेला बुंधा पाहिला. दोन दिवस ती जेवली नाही.

तेव्हा तो म्हणाला, "काऊन रडून राह्यली, आई? तुह्याच्यानं आता फळ्या दाबनं होत नाई. घरातली टोरी घेऊन येजो, घान्यावर तेल काढून देतो."

आईने विश्वास ठेवला. मी ठेवला नाही.

घाणा सुरू झाल्यावर आम्ही दोघी टोरीचं शेवटचं पोतं घेऊन गेलो. घाण्यात शेंगदाणे होते, तेही ट्रकने परराज्यातून आलेले. आम्हाला पाहून भावाने मोटर बंद केली, पोत्याचं तोंड सोडलं, हुंगलं आणि पुन्हा बांधलं.

"आई, याचा वास लाकडात मुरते. मंग शेंगदान्याचं तेल कोन घेईन?"

मी गिऱ्हाइकांदेखत त्याला खोटारडा म्हटलं. आणखी बरंच बोलले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आईने मला बाजूला सारलं. पुढे होऊन तिने घाण्याच्या काठावर तळवा टेकला.

"मंग तोडला काऊन?" एवढंच तिने विचारलं.

गिऱ्हाइकं थांबली होती. भावाने मोटरचं बटण दाबलं. घाणा फिरायला लागला, तसा आईने हात काढून घेतला.